इंगळेसाहेबांनी नापास केलेला अंगठा

आमच्या समोरच्या दारात राहणारे इंगळेसाहेब दुधाची पिशवी आधी काट्यावर ठेवत आणि मग फ्रिजमध्ये. रोज. अर्ध्या लिटरची पिशवी वर्षानुवर्षे अर्ध्या लिटरचीच भरत आली होती, पण उद्याचीही तेवढीच भरेल असे त्यांना कुणी लिहून दिले नव्हते. जिन्यात भेट झाली आणि मी सहज म्हटले, "आज पाणी उशिरा येणार म्हणे," की लगेच ते विचारत, "कोणी बघितलं?" पाणी येण्याआधी ते कोण कसे बघणार, हा विचार माझ्या मनात येईपर्यंत ते खाली पंपाच्या खोलीत पोचलेले असत.

निहार, गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलेस की तुमच्या गेममध्ये एक नवा मुलगा आला आहे, तो हॅकर आहे आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याची तक्रार केली. मी विचारले, कशावरून? तू म्हणालास, "आजी, इतकं चांगलं कुणी खेळूच शकत नाही." हे वाक्य मी इंगळेसाहेबांच्या तोंडून ऐकले आहे. ऐकलेच नाही, त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजीत टाइपही केले आहे. म्हणून हे लिहायला बसले. ऋता, तुला गेम आवडत नाहीत, तरी तूही वाच. गेमबद्दल लागेल तेवढेच लिहिणार आहे.

इंगळेसाहेब आता नाहीत. तुम्ही त्यांना एकदा पाहिले आहे, पण तेव्हा तुम्ही फार लहान होता. शिडशिडीत बांधा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक घडीचे भिंग. आयुष्यभर भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये तपासणी खात्यात होते. तिथे गाड्यांसाठी लागणाऱ्या पोलादी पिना बनत. पीन हातात घ्यायची, मोजायची आणि ठरवायचे: बरोबर असेल तर हिरव्या क्रेटमध्ये, नसेल तर लाल. लाल क्रेटमध्ये गेलेली पीन परत हिरव्यात आली असे त्यांच्या नोकरीत एकदाही झाले नाही. हे ते अभिमानाने सांगत. सोसायटीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'रिजेक्ट इंगळे' म्हणत, आणि ते त्यांना माहीत होते.

त्यांच्या पत्नी मंगलताई फार गमतीने बोलत. एकदा मला म्हणाल्या, "लग्नाआधी ह्यांनी माझी उंची विचारली होती बरं का. आणि लग्न झाल्यावर मोजली."

"मग?"

"अर्धा इंच कमी निघाले. पण माल परत घ्यायला माझे वडील तयार नव्हते."

इंगळेसाहेब शेजारीच पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "पाऊण."

त्यांचा संशय रागातून आलेला नसे. कुणी वाईट आहे असे त्यांना वाटत नसे. फक्त कुणाचे काही तपासल्याशिवाय खरे मानावे असेही वाटत नसे. सोसायटीच्या वॉचमनची नोंदवही त्यांनी एकदा सहज चाळली आणि मिटली. "मॅडम, ह्यानं सात दिवसांचं एका बैठकीत लिहिलंय." मी विचारले, कसे कळले? "रोज माणूस वेगळा बसतो. कधी घाईत लिहितो, कधी पेन अडतं, कधी हात ओला असतो. इथं सातही दिवस अक्षर एकाच कलानं झुकलंय." वॉचमनने कबूल केले. तो पुढेही राहिला, पण वहीवर रोज संध्याकाळी इंगळेसाहेबांची बारीक सही येऊ लागली.

ही नजर त्यांना वर्कशॉपमध्ये मिळाली होती. तिथला एक मशीनवाला दर तासाला पिना मोजून आकडे लिहीत असे. एके दिवशी इंगळेसाहेबांनी त्याचा कागद पाहिला आणि अख्खा लॉट थांबवला. आकडे चुकीचे नव्हते. सगळे अगदी बरोबर होते, आणि सगळे सारखे होते. "खऱ्या मापात थोडी तरी गडबड असतेच, मॅडम. मशीन तापतं, टूल झिजतं, माणसाला शिंक येते. सगळे आकडे एकसारखे आले की समजायचं, कुणीतरी चहा पीत पीत लिहिलेत." तो लॉट परत मोजला तेव्हा निम्म्या पिना लाल क्रेटमध्ये गेल्या. ही गोष्ट त्यांनी मला चार-पाच वेळा तरी सांगितली असेल. पुढे जे झाले त्याचे मूळ ह्या गोष्टीत आहे, म्हणून मी ती नीट लिहून ठेवते आहे.

त्यांची मुलगी स्वाती वाकडला राहते. कंपन्यांसाठी स्पर्धा आणि कार्यक्रम भरवणे हे तिचे काम. इंगळेसाहेबांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिने चाकण, भोसरी, तळवडे ह्या भागातल्या कंपन्यांच्या कामगारांसाठी मोबाईल गेमची एक लीग सुरू केली. पाच जणांचा एक संघ, बंदुकांचा खेळ. पहिल्या फेऱ्या ज्याने त्याने आपापल्या खोलीवरून खेळायच्या आणि शेवटच्या फेऱ्या हॉलमध्ये, गुरुवारी, कारण आपल्या औद्योगिक भागाची सुट्टी गुरुवारची. पहिल्याच महिन्यात स्वाती रडकुंडीला आली. प्रत्येक सामन्यानंतर हरलेला संघ ओरडे, "हॅक आहे, हॅक!" कोण खरे, कोण खोटे, काही कळायला मार्ग नव्हता.

ती एकदा घरी आलेली असताना मीही तिथे होते. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "बाबा, नाहीतरी तुम्ही सगळ्यांवर संशय घेताच. माझ्या लीगसाठी घ्या ना."

इंगळेसाहेबांनी विचारले, "चोरी कशी करतात, ते आधी सांग."

तिने सांगितले ते निहार, तुला सांगायची गरज नाही, पण ऋतासाठी थोडक्यात लिहिते. एक प्रोग्रॅम असा असतो की तो बंदुकीचा नेम आपोआप शत्रूवर धरतो. दुसरा भिंतीपलीकडचा माणूस दाखवतो. तिसरा असा, की गोळ्या झाडताना बंदूक धक्क्याने वर वर उचलली जाते, ती तो उचलू देत नाही; खेळणाऱ्याने अंगठा खाली ओढून जे करायचे, ते प्रोग्रॅम करतो. आणि हे सगळे पकडायला गेमवाल्यांनीही एक राखणदार प्रोग्रॅम ठेवलेला असतो. तो फोनमध्ये बसून दुसरे काय काय चालू आहे ते बघत असतो.

इंगळेसाहेबांनी पहिला संशय राखणदारावर घेतला. "हा सगळ्यांच्या फोनमध्ये बसून काय काय बघतो? आणि त्याला कोण बघतं?"

"बाबा, तो चोर पकडतो."

"ओळखीचे चोर पकडत असेल. नवा चोर आला की त्याला पाहुणा समजून बसवून घेत असेल."

स्वातीने कपाळाला हात लावला, पण नंतर मला हळूच म्हणाली, "मावशी, नेमकं तसंच होतं."

अशा रीतीने वयाच्या पासष्टाव्या वर्षानंतर इंगळेसाहेब गेमचे तपासनीस झाले. स्वतः एकदाही खेळले नाहीत. सामन्यांची रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावायचे, चित्र थांबवायचे, पडद्यावर बटर पेपर धरायचे आणि पेन्सिलीने खुणा करायचे. मग डिजिटल व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचे हत्यार, उघडून पडद्यावरचे अंतर मोजायचे. लॅपटॉपच्या काचेला लोखंडी जबडे लागू नयेत म्हणून त्याला चिकटपट्टी लावलेली होती.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पहिला चोर पकडला. तळवड्याच्या एका संघातला उंचापुरा मुलगा. इंगळेसाहेब म्हणाले, "हा रिकाम्या भिंतींकडे बघतो." त्यांनी दोन्ही संघांची रेकॉर्डिंग एकाच क्षणाला थांबवून कागदावर कागद ठेवला. मुलाचा नेम ज्या कोऱ्या भिंतीवर थांबला होता, त्याच भिंतीमागे दर वेळी शत्रू उभा होता. मुलाला हॉलमध्ये बोलावले. तो आधी हसला, मग म्हणाला, "राव, अंदाज आहे माझा."

"नऊ वेळा?"

"नशीब, काका."

"नशीब नऊ वेळा येत नाही. आलं तर माझ्याकडे आणून दाखव, मी मोजतो."

मुलाने कागद पाहिले, आपल्या कॅप्टनकडे पाहिले आणि खाली बघून म्हणाला, "सॉरी भावा." एका ग्रुपवरून प्रोग्रॅम घेतला होता. राखणदाराला तो दिसलाच नव्हता. त्या दिवसापासून लीगमध्ये इंगळेसाहेबांचा दबदबा बसला, आणि मला वाटते, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जरा जास्तच बसला.

मग आली लवंगी.

लवंगी हे तिने खेळासाठी घेतलेले नाव. खरे नाव अश्विनी. हिंगोलीकडची, बाविशीतली, बुटकी, काटक मुलगी. चाकणजवळ गाड्यांच्या वायरींच्या जुड्या तयार करणाऱ्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेली. तिचा संघ सगळा मुलींचा होता आणि उपांत्य फेरीपर्यंत आला होता. विरुद्ध संघांच्या तक्रारी आल्या, की लवंगीची बंदूक उचललीच जात नाही.

इंगळेसाहेबांनी तिच्या दहा फैरी बटर पेपरवर उतरवल्या. माझ्याकडे कागद घेऊन आले. इतर खेळाडूंच्या गोळ्यांच्या खुणा गहू सांडल्यासारख्या विखुरलेल्या होत्या. लवंगीच्या एका रेषेत होत्या, आणि दहाही रेषा सारख्या लांबीच्या. शिवाय प्रत्येक फैरीच्या शेवटी एक बारीकसा झटका होता, खालच्या बाजूला. तोही दहाही वेळा तेवढाच.

"राखणदार काय म्हणतो?" मी विचारले.

"काही नाही म्हणतो. म्हणजे त्याला कळलं नाही."

त्यांनी तिच्याकडून हॅन्डकॅम मागवला. म्हणजे खेळताना दुसऱ्या फोनने आपल्या हातांचे चित्रण करून पाठवायचे. तिने पाठवले. त्यात अंगठा हलताना दिसत होता. इंगळेसाहेब म्हणाले, "अंगठा हलतो हे दिसतं. अंगठ्यामुळं बंदूक हलते, हे कुठं दिसतं?" मग तिला गुरुवारी हॉलमध्ये बोलावून लीगचा नवा फोन हातात दिला. त्या फोनवर लवंगीच्या गोळ्या भिंतभर उडाल्या. तिने तीनदा प्रयत्न केला.

इंगळेसाहेबांना जे हवे होते ते मिळाले. स्वतःच्या फोनवर अचूक, दुसऱ्याच्या फोनवर वाईट. म्हणजे कसब फोनमध्ये आहे, हातात नाही. त्यांनी अहवाल सांगितला आणि मी तो इंग्रजीत टाइप केला, कारण कंपन्यांना सगळे इंग्रजीत जाई. 'इतकी सातत्यपूर्ण कामगिरी मानवी हाताशी विसंगत आहे.' हे वाक्य मला तेव्हा फार नेटके वाटले होते. लवंगी बाद झाली, तिचा संघ बाद झाला, आणि नियमाप्रमाणे अहवालाची प्रत तिच्या कंपनीत गेली.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती इंगळ्यांच्या दारात उभी होती. मी मंगलताईंकडे विरजण मागायला गेले होते.

"मी अश्विनी. लवंगी."

इंगळेसाहेब दारातच उभे राहिले. "निकाल लागलाय. आता काय?"

"निकाल कशाचा लागला, ते विचारायला आले."

"तुझा हात दहा वेळा एकसारखा चालला. माणसाचा तसा चालत नाही."

"मग मी कोण हाव?"

मंगलताई आतून बाहेर आल्या. इंगळेसाहेब म्हणाले, "आमच्या फोनवर का नाही चालला?"

"तुमचा फोन केवढा मोठा, साहेब! अन् काच कशी गुळगुळीत. माझ्या फोनला तडा गेलेला हाय. अंगठा तिथं अडला की तिथून खाली ओढायचं, एवढंच माझ्या अंगठ्याला पाठ हाय. तुमच्या फोनला तडाच नव्हता." तिने श्वास घेतला. "महिनाअखेरीला माझं कंत्राट संपायलंय. ह्या वेळी मला कंपनीच्या पटावर घेणार होते. आता ठेकेदार म्हणलाय, चोरीचं नाव लागलेली पोरगी लाईनवर नको."

"चोरी असं मी लिहिलेलं नाही. मानवी हाताशी विसंगत, असं लिहिलंय."

"ते इंग्रजीत होतं, साहेब. त्यांनी वाचून चोर एवढंच काढलं."

मी विरजणाची वाटी हातात धरून उभी होते. कुणी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

"फोन आणलायस?" इंगळेसाहेब म्हणाले. "खेळून दाखव."

"किती वेळा दाखवू? खोलीवरून दाखवलं, ते खरं नाही म्हणलात. हॉलमधी दाखवलं, ते वाईट म्हणलात. आता इथं चांगलं खेळले तर म्हणाल, फोनात काहीतरी हाय." ती पायरी उतरायला लागली. "तुम्हाला बघायचं असंल तर तुम्ही या. मी रोज कामावर असते. अजून बारा दिवस."

त्या दिवशी इंगळेसाहेब जेवले नाहीत, असे मंगलताई म्हणाल्या. दुपारी माझ्याकडे आले. "मॅडम, घोळ झालाय. मी मधेच गेज बदललं." मला समजेना. तेव्हा त्यांनी सांगितले: एखाद्या पिनेबद्दल शंका आली तर ती त्याच मापकावर, त्याच पद्धतीने पुन्हा मोजायची, दुसऱ्या मापकावर दुसरा आकडा आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हे ते नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवत. आणि ह्या मुलीला त्यांनी दुसऱ्याच फोनवर मोजले होते.

"म्हणजे ती खरी आहे?"

"ते कोणी बघितलं?" ते म्हणाले. "तिच्या फोनवर चांगली खेळली तर फोनवर संशय. दुसऱ्या फोनवर वाईट खेळली तर फोन नवखा. फोन मधे आहे तोवर तिचा हात दिसणारच नाही."

तरीही त्यांनी जायचे ठरवले. मंगलताईंनी मला सोबत पाठवले. "एकटा म्हातारा पोरींच्या बसथांब्यावर उभा राहून हात बघायला लागला तर मार खाऊन येईल. तुम्ही जा बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चाकणला गेलो. पहिली पाळी सुटली होती. कंपनीच्या फाटकाबाहेर एका कठड्यावर सात-आठ मुली बसची वाट बघत बसल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत पोटभर खायला वेळ मिळत नाही म्हणून उरलेला डबा त्या तिथे बसून संपवत. अश्विनीने आम्हाला पाहिले आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "आले बग मोजायला."

"खाऊन घे," इंगळेसाहेब म्हणाले आणि समोरच्या दगडावर बसले.

तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. डबा बंद केला. दोन्ही बाजूंच्या कड्या अंगठ्याने दाबल्या, टक् आवाज झाला, आणि लगेच अंगठ्याने कडी किंचित खाली ओढून पाहिली. दुसरी कडीही तशीच. मग पाण्याच्या बाटलीचे झाकण: दाबले, टक्, ओढून पाहिले. मग पिशवीचा बक्कल.

फैरीच्या शेवटी दिसायचा तोच खालचा झटका. इंगळेसाहेब उठून उभे राहिले. "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"ओढून का बघितलंस?"

अश्विनीने स्वतःच्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. शेजारची मुलगी हसायला लागली. "काका, आम्ही समद्याच तसं करतो. पुश, क्लिक, पुल. वायर खोबणीत घालायची, क्लिक ऐकायचा, अन् जरा ओढून बघायचं बसली का. लई ओढलं तर निघती, कमी ओढलं तर कळत न्हाई. घरी कुकरचं झाकण पण ओढून बघते मी. सासू म्हणती, याड लागलंय."

"दिवसाला किती वेळा?"

"आम्ही मोजत न्हाई," अश्विनी म्हणाली. "लाईन मोजती."

इंगळेसाहेबांनी पिशवीतून बटर पेपर काढला आणि आपल्या वहीवर ठेवला. "अंगठा पुसू नकोस. चटणीचं तेल आहे ना? ह्याच्यावर ओढ. वायर ओढतेस तशी. दहा वेळा."

बाकीच्या मुली भोवती गोळा झाल्या. कुणीतरी म्हणाले, "अश्वे, अंगठा लावायच्या आधी कागद वाच, जमीन जाईल." सगळ्या हसल्या. अश्विनी हसली नाही. तिने दहा वेळा अंगठा ओढला. कागदावर दहा तेलकट रेघा उमटल्या. इंगळेसाहेबांनी व्हर्नियर काढला आणि एकेक रेघ भिंगाखाली मोजली. बस आली, तरी मुली चढेनात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"फरक आहे," ते म्हणाले. "मॅडम, फरक आहे. केसाएवढा. पण प्रत्येक रेघेत आहे."

मला वाटले, वाईट झाले. ते मला म्हणाले, "अहो, खरी आहे ती! माणसाचाच हात आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर केसाएवढा फरक दिसतच नाही. ज्याच्यावर दिसत नाही, त्याच्यावर मोजून मी लिहून दिलं की फरक नाही."

"मग आता?" अश्विनीने विचारले.

"आता मी नापास," ते म्हणाले, आणि तिला बसमध्ये चढायला सांगितले.

दुसरा अहवाल त्यांनी मला मराठीत लिहायला लावला, ठेकेदाराला वाचता यावा म्हणून. वर मथळा दिला: 'तपासनिसाची चूक'. स्वाती म्हणाली, "बाबा, डब्याच्या कडीवरून कुणी निर्दोष ठरतं का? लोक हसतील." ते म्हणाले, "दोषी कशावरून ठरवलं होतं, ते वाचून आधी हस." तिने बंदी उठवली. पण अंतिम सामना होऊन गेला होता. आणि त्यानंतर लवंगी कुठेही खेळायला उतरली की समोरून कुणी ना कुणी 'हॅकर' असे लिहीतच असे. हा शब्द लिहायला एक क्षण लागतो, निहार. पुसायला काय लागते, ते मला अजून सापडलेले नाही.

अहवाल घेऊन इंगळेसाहेब स्वतः ठेकेदाराकडे गेले. मुदत संपायला पाच दिवस बाकी होते. ठेकेदाराने कागद शेवटपर्यंत वाचला. "काका, चांगलं लिहिलंय राव तुम्ही. पण तिच्या जागी दुसरी पोरगी बोलावली आपण. आता कंपनीला काय सांगू, कडी ओढते म्हणून परत घ्या?"

ते तिथून निघाले ते थेट भोसरीला, आपल्या जुन्या वर्कशॉपमध्ये. मालक बाळूशेठ म्हणजे भोसरीचेच जुने गाववाले. तिथे काय बोलणे झाले, ते मला अश्विनीनेच नंतर नक्कल करून सांगितले.

बाळूशेठ म्हणाले, "इंगळे, इतकी वर्सं हितं व्हतास, कधी कुणाची शिफारस केली न्हाईस. सख्ख्या भाच्याला बी लाल क्रेटमधी टाकलास. आन् आता ह्या पोरीसाठी आलायस व्हय?"

"शिफारस नाही करत. घेऊन बघा. मोजा."

अश्विनी मधेच म्हणाली, "मला उपकार नकोत, साहेब."

"उपकार कोण करतंय? तीन महिने ट्रायल आहे. चुकलीस तर मी स्वतः हाकलीन."

बाळूशेठ हसले. "घ्या! आणली बी ह्यानंच, हाकलणार बी ह्योच."

निहार, त्या नव्या मुलाची तक्रार मागे घे, असे मी म्हणत नाही. तो चोर असेलही. तळवड्याचा मुलगा होताच. अश्विनीनेही कधीच, काहीच वापरले नसेल, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी तिच्या फोनमध्ये बसले नव्हते. एवढेच म्हणते, की 'कुणी खेळूच शकत नाही' असे लिहिण्याआधी तू ते कशाने मोजलेस, हे मला कळव.

इंगळेसाहेबांना मी अगदी शेवटचे पाहिले ते रुग्णालयात, पण ते पाहणे मी मोजत नाही. त्याच्या काही महिने आधीचे सांगते. अश्विनीची ट्रायल चालू होती आणि ते रोज सकाळी तिला काम शिकवायला भोसरीला जात. एकदा चष्मा घरी विसरले. मंगलताई आणि मी तो द्यायला रिक्षाने गेलो. तपासणीची खोली काचेची आहे. मशीनचा आवाज आत येत नाही. आम्ही बाहेर थांबलो.

आत टेबलाच्या एका बाजूला अश्विनी, दुसऱ्या बाजूला ते. ती पीन उचलायची, मोजायची, आकडा लिहायची आणि पीन त्यांच्या पुढे सरकवायची. ते तीच पीन पुन्हा मोजायचे आणि तिच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहायचे. बिनचष्म्याचे, डोळे बारीक करून. असे बराच वेळ चालले. मंगलताई म्हणाल्या, "बघा, पोरीला एक पीन सुखानं मोजू देत नाहीत."

मग एका पिनेला अश्विनीने हात वर केला. त्यांच्या हातातली पीन तिने काढून घेतली, भिंगाखाली धरली, पुन्हा मोजली. वहीतल्या त्यांच्या आकड्यावर बोट ठेवले आणि काहीतरी म्हणाली. काचेतून शब्द ऐकू आले नाहीत, पण तिने त्यांच्या आकड्यावर मारलेली काट स्पष्ट दिसली. इंगळेसाहेबांनी तिच्याकडे पाहिले. मग वहीकडे. आम्हाला वाटले, आता आवाज चढणार.

त्यांनी पीन परत घेतली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि मान खाली घालून पहिल्यापासून मोजायला लागले. अश्विनी पेन उघडे धरून, ते आकडा सांगायची वाट बघत उभी राहिली.